नारकोंडमच्या धनेशासाठी

मा. संपादक,
स. न.

माळढोकाबद्दल मराठी वृत्तपत्रांतून सातत्याने लिहिले जाते आणि ते योग्यच आहे; मात्र अंदमान समुद्रातील नारकोंडम बेटावरच्या धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याची दखल क्वचितच घेतली जाते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. नारकोंडम म्हणजे जेमतेम सात चौरस किलोमीटरचा, समुद्रसपाटीपासून सुमारे ७१० मीटर उंचीचा, दाट जंगलाने झाकलेला ज्वालामुखी. हा धनेश जगात केवळ तिथेच आढळतो. नराचे डोके व मान तांबूस, मादीची काळी आणि दोघांचीही शेपटी पांढरीशुभ्र असते. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला व पिल्लांना फटीतून अन्न भरवतो. त्यामुळे मोठी झाडे आणि फळांनी लगडणारे वड-उंबरांचे भाऊबंद टिकले, तरच हा पक्षी टिकेल.

अलीकडच्या शास्त्रीय पाहणीत त्यांची संख्या हजाराच्या आसपास असल्याचे आढळले. ही बातमी आनंदाची आहे, परंतु तिच्यावर विसंबून निर्धास्त होणे मला धोक्याचे वाटते. कोकणातली एखादी राई तुटली तर तिथला धनेश निदान पुढच्या राईकडे जाऊ शकतो. नारकोंडमच्या धनेशाला दुसरे ठिकाणच नाही. एखादे चक्रीवादळ, वणवा किंवा बाहेरून आलेला रोग संपूर्ण प्रजातीला एकाच वेळी गाठू शकतो.

माणसाबरोबर येणारे प्राणीही तितकेच घातक ठरतात. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह सुरू झाले आणि त्याच सुमारास तिथे पोहोचलेल्या मांजरांमुळे, तेव्हा फक्त त्या बेटावर उरलेला, उडता न येणारा एक चिमुकला पक्षी अल्पावधीत नामशेष झाला. नारकोंडमवरही पोलीस चौकीच्या वस्तीसोबत शेळ्या आल्या, त्या जंगलात पसरल्या आणि झाडांची कोवळी रोपे खाऊ लागल्या. पुढे त्यांना बेटावरून हटवावे लागले. हे बेट १९७७ पासून अभयारण्य आहे, पण अभयारण्याच्या कागदाने शेळी अडत नाही.

या बेटावरचा तटरक्षक दलाचा रडार व वीजपुरवठा प्रकल्प केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१२ मध्ये नाकारला आणि २०१४ मध्ये त्याला मंजुरी दिली. पूर्वेकडील सागरी सीमेवरच्या या बेटाचे संरक्षणदृष्ट्या महत्त्व मी नाकारत नाही. तिथे राहून पहारा देणाऱ्या जवानांचे कष्टही मोठे आहेत. आग्रह एवढाच की, कोणत्याही बांधकामासाठी ढोली असलेले एकही झाड तोडले जाऊ नये, जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक सामानाची उंदीर व बियाण्यांसाठी तपासणी व्हावी, पाळीव प्राणी नेण्यास पूर्ण मनाई असावी, आणि धनेशाची गणना ठरावीक वर्षांनी करून तिचे आकडे वन विभागाने जाहीर करावेत.

आपला,
एक पक्षिनिरीक्षक वाचक, रत्नागिरी