यिर्मया २९ आणि आईचा प्रश्न

आई, बाबा,

परवा फोनवर बाबा जरा तुटक बोलले म्हणून लिहितेय, फोनवर आपलं काही धड होत नाही, आई मध्येच जेवलीस का विचारते आणि विषय तिथेच राहतो.

बाबा, तुम्ही म्हणालात मंडळीच्या पाळकांना तू काय शिकवणार, शिकवायला पवित्र आत्मा आहे. आहेच की! पण म्हणून धडा न वाचताच परीक्षेला बसायचं असं थोडंच आहे. मी घेते त्या संदेश-तयारीच्या ट्रेनिंगला निम्मे पाळक आणि निम्मे तुमच्यासारखे, आठवडाभर नोकरी, रविवारी संदेश, तयारी शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर. मग होतं काय, विषय आधी ठरतो आणि त्याला बसेल असं वचन मोबाईलवर सर्च मारून शोधलं जातं. भक्ती कमी नसते हो, सवय तशी लागलेली असते.

यावेळी बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २९वा अध्याय घेतला. ११वी ओवी, तुमच्याविषयी माझ्या मनातले संकल्प हिताचे आहेत असं देव म्हणतो ती, सगळ्यांना पाठ, आपल्या हॉलमध्ये फ्रेम आहे तीच. मी म्हटलं आज संदेश कोणी द्यायचा नाही, १ ते १४ मोठ्याने तीनदा वाचायचं आणि कोण कोणाला लिहितंय, का लिहितंय, एवढंच पेन्सिलीने टिपायचं. दुसऱ्या वाचनालाच कुजबुज सुरू. कारण ते मुळात पत्र आहे, यिर्मयाने यरुशलेमेतून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं, आणि ११वीच्या आधी १०वी आहे, तिच्यात परतायला ७० वर्षं म्हटलंय! मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा खोटा संदेष्टा दोन वर्षांत सगळे परत येतील असं सांगून मोकळा झालाय, लोकांना तोच आवडला असणार. यिर्मया म्हणतो घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, त्याच शहरासाठी प्रार्थना करा.

एक वयस्कर सेवक आहेत, बायबलला चिकटपट्ट्या लावलेल्या, ते बोटांवर मोजत बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी नाही परतणार, माझी नातवंडं परततील." मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. आणि मराठीत तर गंमत अशी की देव एकट्याशी बोलतो तेव्हा 'तू' म्हणतो, इथे 'तुम्ही' आहे, अख्ख्या समाजाला, पण आम्ही ते फ्रेममध्ये घालून एकेकट्याचं केलं.

आई, तू हसशील, पण वर्गात मी सगळ्यात जास्त तुझाच प्रश्न वापरते. उपासनेहून घरी येताना तू बाबांना विचारायचीस ना, "हे त्या वचनात कुठे होतं?" आणि बाबा पुढे चालायला लागायचे.

बाबा, रागावू नका. माझी ॲडमिशन हुकली तेव्हा तुम्ही तेच वचन माझ्यासाठी धरलं होतं, ते खोटं होतं असं मी म्हणत नाहीये. फ्रेम राहू दे, फक्त एकदा १ल्या ओवीपासून वाचा आणि मला फोन करा.

पुढच्या महिन्यात लूक १५ आहे. उधळ्या पुत्रावर तुम्ही कितीतरी वेळा बोललात, पण त्याच गोष्टीतल्या, धाकटा परतल्यावर रागावून घरात न येणाऱ्या थोरल्या भावावर कधी बोलला होता का, मला आठवत नाही. कारण अध्यायाच्या सुरुवातीलाच परुशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे, येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करतायत आणि येशूने गोष्ट त्यांनाच सांगितलीये, मग थोरला तर अगदी समोरच बसलेला आहे! तुमच्या जुन्या संदेशांची निळी वही हवीय मला. आई, माळ्यावरच्या पेटीत असेल, पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाक, पण बाबांना विचारून हं.

तुमची,
धाकटी