आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस

चिपळूण

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझी कुरकुर ऐकली. मुलुंडच्या नव्या घरात सामान लागलं, पण कुठल्या कामाला कुठे जायचं ते कळत नाही. आईने लगेच "विचार तुझ्या बाबांना, जन्म गेलाय त्यांचा वॉर्ड ऑफिसात" म्हणून टोमणा मारून घेतला. जावईबापू म्हणतात तशी ओळख काढून मात्र काम होणार नाही. माझ्या ओळखीचे सगळे आता माझ्यासारखेच गावी बसून आंब्याला मोहोर किती आला ते मोजतात.

आधी गेटजवळच्या पाण्याचं. "घाण पाणी येतं" एवढंच सांगितलंस तर कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल. मुंबईत पावसाचं पाणी नेणाऱ्या वाहिन्या वेगळ्या आणि संडास-मोरीचं पाणी नेणाऱ्या वेगळ्या. खातीही दोन, पर्जन्य जलवाहिन्या आणि मलनिःसारण. आत्ता पाऊस नाही, तरी पाणी वर येतंय आणि वास मारतंय, म्हणजे ते मलनिःसारणाचं. पण झाकण गेटच्या आत असेल तर काम सोसायटीचं, बाहेर असेल तर पालिकेचं. तेव्हा सेक्रेटरींना घेऊन खाली उतर, नेमक्या कुठल्या झाकणातून पाणी येतंय ते बघ, फोटो काढ आणि मग पालिकेच्या १९१६ या तक्रारीच्या नंबरला फोन लाव. पत्ता सांगताना समोरच्या दुकानाचं नाव, विजेच्या खांबाचा नंबर, जे दिसेल ते सांग. कामाला येणाऱ्या गँगला "सी विंगच्या मागे" म्हटलेलं काय कळणार?

फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक लिहून घे. तेवढ्याने भागलं नाही तर देवीदयाल रोडला टी वॉर्डचं, म्हणजे तुमच्या मुलुंडचं, ऑफिस आहे, तिथे सहायक आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज दे. दोन प्रती ने. एक त्यांच्याकडे राहील, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर, म्हणजे कागद ऑफिसात आल्याच्या नोंदीचा नंबर, घे. शिक्का पुसट उठला तर पुन्हा मारायला सांग, लाजू नकोस.

आमच्या खिडकीवर एक निवृत्त मास्तर यायचे. आवाज कधी चढवला नाही. काखेत नाडीची फाइल, आणि प्रत्येक अर्जाच्या डोक्यावर "संदर्भ" म्हणून आधीच्या सगळ्या अर्जांचे आवक नंबर तारखांसकट. ती यादी दर खेपेला एका ओळीने वाढायची. टेबल आपटणाऱ्या माणसाला आम्ही पाणी विचारायचो आणि तो गेला की विसरायचो. मास्तरांचा कागद मात्र कुणी दाबून ठेवत नसे, कारण उद्या साहेबांनी विचारलं तर कुठल्या तारखेला तो कुणाकडे होता हे त्या कागदावरच लिहिलेलं असायचं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे खरं. पण तो पहिल्याच दिवशी काढू नकोस. समोरचा माणूस काम सोडून उत्तर लिहायला बसतो.

बाळाच्या दाखल्यासाठी मुलुंडला गेलीस आणि परत पाठवलं, त्यात त्यांची चूक नाही. जन्माची नोंद राहत्या जागी होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, म्हणजे नोंद इथे चिपळूण नगर परिषदेत. हॉस्पिटलने २१ दिवसांच्या आत कळवलंय, मी खात्री केली. नावाचा रकाना तेवढा कोरा आहे. वर्षाच्या आत नाव घातलं तर फी पडत नाही, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. पण थांबू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, लायसन्स, मतदार यादी, सगळीकडे हाच दाखला जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालणार आहे. तुझ्या सासूबाईंचं आणि आईचं नावावर एकमत झालं की तुम्हा दोघांच्या सहीचा अर्ज पाठव, मी इथे देतो. इंग्रजी स्पेलिंग तुमच्या आधारवर आहे तसंच लिही. आडनावात एक "ए" जास्त पडला म्हणून हेलपाटे घालणारी किती माणसं मी पाहिलीत.

लशी जवळच्या पालिकेच्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. लसीकरणाचं कार्ड हरवू नकोस.

कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या कर आणि फ्रिजच्या मागचा ट्रेही बघ. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. पालिकेच्या कीटकनाशक खात्याचा माणूस टाक्या तपासायला येतो तेव्हा सोसायटीकडे शिडी नसते, आणि झाकणावर कुणाचं तरी वाळवण. मग अळ्या सापडल्या आणि नोटीस निघाली की कमिटी त्याच्यावरच डाफरते. तुमच्या टाकीची झाकणं घट्ट बसतात का, ते एकदा जावईबापूंनी वर जाऊन बघावं.

पाण्याची वेळ ठरलेली असते. चावीवाला वॉल्व्ह फिरवतो तेवढाच वेळ पाणी. त्याच्यावर चिडू नकोस. ते पाणी भातसा, तानसा, वैतरणेवरून येतं, आणि यातले बरेचसे तलाव ज्या शहापूर तालुक्यात आहेत तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. मला हे कधीच पटलं नाही, पण तो विषय वेगळा.

घर ४८० चौरस फूट चटई क्षेत्राचं आहे ना? मग १ जानेवारी २०२२ पासून ५०० फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या बिलात तो रकाना भरलेला दिसला तर खजिनदारांना विचार, पण गोडीत. आणि वीज गेली तर पालिकेला किंवा बेस्टला फोन करू नकोस, मुलुंड-भांडुपला महावितरण आहे.

सगळीच कामं काही खिडकीवरची नसतात. कालिदास नाट्यगृह आणि त्याच आवारातला पोहण्याचा तलाव पालिकेच्याच प्रतिष्ठानाचा आहे. तलावाच्या सभासदत्वाची चौकशी कर. पोहायला येत नाही हे कारण चालणार नाही, आपल्या विहिरीत मी स्वतः तुला कमरेला डबा बांधून शिकवलंय.

तुझे,
बाबा

ता. क. अर्ज कुरियरने पाठव. व्हॉट्सॲपवर फोटो नको, सही शाईची लागेल. आई कुळथाचं पीठ आणि सोलं देतेय, पिशवी परत पाठव म्हणते.