ब्लॉक उघडण्याआधी

कोल्हापूर

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मी काल रात्री तीन-चारदा मोठे करून बघितले. सायलेन्सरच्या तोंडाची काजळी, चेनवर साचलेलं काळं वंगण, टाकीच्या झाकणाखालचा गंज. 2007 ची स्प्लेंडर प्लस, तीही दोन वर्षं पावसात उभी, म्हणजे एवढं असणारच. पहिली गाडी स्वतःच्या हातानं उभी करायची असं तू म्हणालीस, तेव्हा मला फोनवर नीट बोलता आलं नाही. फार आनंद झाला होता. म्हणून हे पत्र.

पुण्यातला तुझा मेकॅनिक म्हणाला, "धूर मारतेय, बोअर-पिस्टन करून टाका." म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करा आणि त्यात मोठा पिस्टन घाला. आणि तू मला विचारलंस, ब्लॉक, म्हणजे तो सिलिंडर, उतरवून इकडे कोल्हापूरच्या उद्यमनगरला पाठवू का? तीस वर्षं मी बोअरिंगच्या मशीनवर उभा आहे, त्या कामावरच आपलं घर चाललं. तरीही सांगतो, ब्लॉक एवढ्यात उघडू नकोस.

आधी धूर कधी येतो ते बघ. सकाळी पहिल्या किकला भसकन निळसर धूर आला आणि मिनिटभरात थांबला, तर रात्रभर व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल खाली झिरपलेलं असतं. ते सील स्वस्त असतात, त्यासाठी हेड उतरवावं लागतं पण बोअर करावा लागत नाही. गाडी तापल्यावरही ॲक्सिलरेटर पिळला की धूर येतच राहिला, तर मग पिस्टनच्या रिंगांवर संशय घे. त्याचीही खात्री करता येते. प्लग काढून त्या जागी कॉम्प्रेशन गेज लाव, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धर आणि सात-आठ किका मार. आकडा लिहून ठेव. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोड आणि पुन्हा तसंच कर. आकडा चांगला वाढला, तर रिंग किंवा बोअर झिजलाय, कारण ऑइलनं ती फट तेवढ्यापुरती बुजवली. आकडा कमी होता तो कमीच राहिला, तर हवा बहुधा वरून, व्हॉल्व्हमधून जातेय. आणि हे सगळं करण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूची फट, तपास. इंजिन पूर्ण गार असताना, मॅग्नेटच्या चाकावरची टी ही खूण जुळवून, पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला वर असताना. टॅपेट फार घट्ट असले तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, गाडी सुरू व्हायला त्रास देते, आणि माणूस उगाच इंजिन उघडून बसतो.

माझ्यापर्यंत आलेल्या कितीतरी ब्लॉकांना बोअरिंगची गरज नव्हती. गिऱ्हाइकाला तसं सांगून मी ते परत पाठवले आहेत. तुझ्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, 50 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 49.5, त्याचेच ते 97.2 सीसी. एकदा बोअर केलं की 50.25 चा पिस्टन, मग 50.50 चा. बिडाच्या स्लीव्हमधून काढलेला धातू परत भरता येत नाही. म्हणून आम्ही आधी डायल गेज घालून मोजतो, वर, मधे आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. झीज सगळीकडे सारखी नसते. वरची रिंग जिथं थांबून परत फिरते तिथं सगळ्यात जास्त, कारण तिथं उष्णता जास्त आणि ऑइल कमी. नखानं चाचपलं तर तिथं कड लागते. डोळ्यांना चकाकणारा बोअर मोजल्यावर वाईट निघतो, आणि डागाळलेला दिसणारा कधीकधी अगदी मापात असतो.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते सांगतो. आईनं तुला हे कधी सांगितलं नसेल. 1997 साली मी एक जुनी राजदूत भंगारातून आणून उभी केली होती. इंजिनावर दोन महिने घालवले. टाकीला रंग दिला, क्रोम चकचकीत केलं. चाकांच्या बेअरिंगला ग्रीस ठासून भरलं, जेवढं जास्त तेवढं चांगलं असं वाटून. ब्रेकचे लायनर मात्र जुनेच ठेवले, पुढच्या ब्रेकची केबलही तीच. रविवारी तुझ्या आईला घेऊन जोतिबाला गेलो. उतरताना मागच्या ब्रेकचं ड्रम तापलं, जादाचं ग्रीस पाझरून लायनरवर आलं, ब्रेक लागेना. पुढचा ब्रेक दाबला तर लिव्हरपाशी केबल तुटली. टू-स्ट्रोकला ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनचा अडाव थोडाच असतो. मी गाडी डोंगराच्या बाजूच्या चरीत घातली. मला खरचटलं, तुझ्या आईचा कोपर फाटला. तिच्या उजव्या कोपरावर जो व्रण आहे तो त्या दिवसाचा. गाडीचा काही दोष नव्हता. जे दिसतं त्याच्यावर मी दोन महिने दिले होते आणि जे थांबवतं त्याच्यावर एक तासही नाही.

म्हणून तू उलट्या टोकानं सुरुवात कर. आधी दोन्ही चाकं उतरव. ड्रममधली धूळ तोंडानं किंवा हवेनं उडवू नकोस, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाक. लायनर दोन्हीकडचे नवे घाल, ब्रेक, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल नव्या घाल, आणि ब्रेकच्या कॅमला ग्रीस लावताना बोटाच्या टोकाएवढंच लाव. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2314 असेल तर तो 2014 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही चांगली दिसली तरी असा टायर ठेवू नकोस. गाडी मेन स्टँडवर घे, पुढचं चाक उचल आणि हँडल हळू फिरव. सरळ रेषेत आल्यावर खटकन अडकल्यासारखं झालं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. चेनच्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेनं धावते त्या दिशेला ठेव, हे लहान काम आहे पण विसरू नकोस.

कागद मात्र पहिला पाना लावण्याआधी. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. 2007 ची नोंदणी म्हणजे पंधरा वर्षं 2022 लाच संपली, पुन्हा नोंदणी करताना आरटीओत गाडी दाखवावी लागेल. मालकी बदलायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, विकणाऱ्याच्या सहीचे. तो सही द्यायला टाळाटाळ करत असेल तर आत्ताच कळू दे, पैसे ओतल्यावर नको. रंग आरसीवर आहे तोच ठेव.

सुटे भाग नाना पेठेत मिळतील. जुन्या बाजारातून आरसा, साइड पॅनेल असलं घे. ब्रेक, बेअरिंग, केबल कधीही वापरलेलं घेऊ नकोस. पेट्रोलची रबरी नळी नवी घालच, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल असतं आणि त्यात जुनं रबर फुगतं. ऑइल मोटरसायकलचंच, डब्यावर जासो एमए लिहिलेलं. तुझा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारचं ऑइल घातलंस तर तो घसरू शकतो.

एवढं सगळं करून, मोजून, बोअर खरंच गेला असेल तर ब्लॉक आणि नवा पिस्टन दोन्ही घेऊन ये. पिस्टन हातात आल्याशिवाय मी बोअर कापत नाही, त्याच्या मापावरच शेवटचा हात ठरतो. होनिंग, म्हणजे बोअर आतून दगडानं घासण्याचं काम, तू करायचंस, मी शेजारी उभा राहीन. नंतर ब्लॉक रॉकेलनं धुऊन चालत नाही, दगडाची बारीक कणी रेघांमध्ये बसून राहते. गरम पाणी, साबण आणि ब्रश, पांढरं फडकं आतून फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत. मग लगेच ऑइल लाव, नाहीतर तासाभरात तांबूस गंज धरतो. पिस्टन पिन अडवणाऱ्या सर्क्लिप प्रत्येक वेळी नव्या.

स्कूटीवर शिकलीस, त्यामुळे डाव्या पायाला सवय नाही. या गाडीचे चारही गिअर पुढे दाबायचे असतात. हेल्मेट घालून मोकळ्या मैदानात आठवडाभर फक्त निघणं आणि थांबणं कर.

शनिवारच्या एसटीनं पार्सल पाठवतोय. आईचे बेसनाचे लाडू आहेत, आणि खाली तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं माझं टॅपेटची फट मोजायचं फिलर गेज आणि कॉम्प्रेशन गेज. फिलरची पाती वाकवून ओढू नकोस, अलगद सरकली पाहिजेत.

पुढचं ड्रम उघडलंस की लायनरचा फोटो पाठव. मी अकरापर्यंत जागा असतो.

तुझे,
आण्णा