इशारा मिळाला, तर छावणी का हलली नाही? संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. राजनाथ सिंह,
संरक्षणमंत्री, भारत सरकार

सविनय नमस्कार.

बद्रीनाथचे मंदिर नोव्हेंबरात बंद झाले की माणा गावचे लोकही बाडबिस्तरा आवरून खालच्या गावांत उतरतात. गावकरी जिथे हिवाळा काढत नाहीत, तिथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे मजूर कंटेनरमध्ये मुक्कामाला होते आणि २८ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी ते हिमस्खलनात सापडले. ५४ पैकी ४६ जण वाचले, ८ जण गेले. लष्कर आणि इतर पथकांनी केलेल्या बचावकार्याला तोड नाही. माझा प्रश्न आदल्या संध्याकाळचा आहे.

त्या संध्याकाळी हिमस्खलनाचा अंदाज देणाऱ्या चंदीगडच्या डीजीआरई या संस्थेने, माणा ज्या जिल्ह्यात येते त्या चमोलीसह उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत २४०० मीटरच्या वर पुढील २४ तासांसाठी हिमस्खलनाचा इशारा दिला होता. ही संस्था डीआरडीओची, म्हणजे आपल्या मंत्रालयाची, आणि सीमा रस्ते संघटनाही आपल्याच मंत्रालयाची. त्यामुळे एका खात्याचे दुसऱ्याला कळले नाही, ही नेहमीची सबब इथे चालणार नाही.

ताजा बर्फ जुन्या, कडक थरावर नीट बसलेला नसतो, म्हणून साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस सर्वाधिक धोक्याचे असतात. मार्च-एप्रिलमध्ये त्यात उन्हाची भर पडते आणि पाणी मुरून जड झालेला बर्फ दुपारनंतर सुटू लागतो. याच जिल्ह्यात सुमना येथे २३ एप्रिल २०२१ रोजी, म्हणजे आपल्याकडे आंब्याच्या दिवसांत, संघटनेच्या छावणीवर बर्फ कोसळून मजूर दगावले होते.

म्हणून विनंती अशी की, इशारा ठरावीक पातळीवर गेला की छावणी सुरक्षित जागी हलवणे बंधनकारक करावे आणि त्या दिवसांची पूर्ण मजुरी द्यावी, कारण हजेरी बुडणार असेल तर रोजंदारीचा माणूस सहसा आपणहून खाली उतरत नाही. बर्फाखाली गाडलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत काढू शकतात ते फक्त शेजारचे सोबती. तेव्हा प्रत्येक मजुराच्या अंगावर बीकन, म्हणजे गाडलेल्या माणसाची जागा सोबत्यांना शोधू देणारे संदेशयंत्र, आणि हाताशी फावडे असावे. येत्या हिवाळ्याची कंत्राटे देण्यापूर्वी या अटी त्यांत घालाव्यात.

आपला नम्र,
पुण्यातील एक गिर्यारोहक