भट्टीवाल्या चाचांना, शुगर कुकीजबद्दल थँक्यू

चाचा, सलाम.

मास्तरांची धाकटी बोलतीये, कराडची, ती डिसेंबरात खारी घ्यायला आली आणि दोन तास तुमच्या मैद्याच्या पोत्यावर बसून राहिली ती. तुम्ही काय मोबाईलवर मराठी वाचत बसणार नाही हे मला माहितीये, पण तुमचा नातू वाचून दाखवेल, त्याला मी लिंक पाठवतीये. फोनवर थँक्यू म्हटलं असतं तर तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन ठेवून दिला असता, म्हणून हे लिहून.

आधी सगळ्यांसाठी थोडं मागचं सांगते. माझी बहीण न्यू जर्सीला असते, तिने लेकीसाठी कुकी कटरचा सेट पाठवला, चांदणी, झाड, घंटा, तो जिंजरब्रेडचा माणूस, सगळं. तिकडे ख्रिसमसच्या आधी घरोघरी शुगर कुकीज करतात म्हणे, मैदा बटर साखर अंडं बस, त्या लाटून कापायच्या, भाजायच्या आणि वरून पोरांनी रंगीत आयसिंग लावायचं. लेकीच्या वर्गात ख्रिसमस पार्टी होती आणि तिने मला न विचारता शाळेत सांगून टाकलं की माझी आई कुकीज आणणार. ४० पोरं.

मला वाटलं बिस्किटंच तर आहेत, त्यात काय. पहिल्यांदा केलं तेव्हा रेसिपीत लिहिलेलं की ओव्हन ३५० वर ठेवा. आमच्या ओटीजीचं, म्हणजे घरातल्या छोट्या विजेच्या ओव्हनचं, बटण २५० च्या पुढे जातच नाही. मग मी काय केलं, बटण फुल फिरवलं आणि वर पाच मिनिटं जास्त दिली. धूर बघून समोरच्या काकू दार वाजवायला आल्या. ते ३५० म्हणजे फॅरनहाइट, आपलं साधारण १७७ सेल्सिअस, हे मला नंतर नवऱ्याने सांगितलं, आणि ज्या आवाजात सांगितलं ते मी अजून विसरलेले नाही.

दुसऱ्यांदा तापमान बरोबर ठेवलं तर चांदण्या पसरून एकमेकींना चिकटल्या, अख्ख्या ट्रेची एकच पोळी. तिसऱ्यांदा पसरू नये म्हणून मैदा वाढवला, लाटताना अजून भुरभुरला, तर अशा कडक झाल्या की लेक म्हणाली आई ह्यांना आपण ख्रिसमस ट्रीला लटकवू, खायला नको.

आणि मग चुलतभावाच्या लग्नाला कराडला आले. निघताना नेहमीसारखी नानखटाई आणि खारी घ्यायला तुमच्याकडे थांबले, आणि सहज म्हणून फोटो दाखवले, म्हणजे हसायला. तुम्ही हसला नाहीत. चष्मा लावून एकेक फोटो मोठा करून बघितला आणि पहिला प्रश्न काय विचारलात, तर "बटर कसं घेतलंस?" मी म्हटलं घाई होती म्हणून मायक्रोवेव्हमध्ये ३० सेकंद. मग विचारलंत दुसरी खेप त्याच गरम पत्र्यावर लावली का. मी म्हटलं हो, दुसरा ट्रेच नाहीये माझ्याकडे. आणि गोळा मळून लगेच लाटला का. हो. मग तुम्ही जे म्हणालात ते मी फ्रिजवर चिकटवून ठेवलंय, "बटर गरम, गोळा गरम, पत्रा गरम, मग बिस्कीट पसरंल नाही तर काय करंल बेटा?"

लग्नसराई होती, तीन ऑर्डरी समोर पडलेल्या, एक माणूस तर बाहेर खोळंबून ओरडत होता, तरी तुम्ही पोऱ्याला गल्ल्यावर बसवलंत आणि मला आत घेतलंत. अर्धा किलो मैदा स्वतःचा काढलात. मला वाटत होतं की तुम्ही म्हणाल आमच्यासारखं कर, पण तुम्ही उलट मला फरक समजावलात, की नानखटाई थोडी पसरायला आणि वरून तडकायलाच हवी, म्हणून तिचं तूप मऊ असतं, पण ह्या बिस्किटाला आकार धरून ठेवायचाय, तर त्याचं सगळं थंड पाहिजे. हे मला कुठल्याच व्हिडिओत कोणी असं सांगितलं नव्हतं. ते सगळे सांगतात "डो चिल करा", का ते सांगत नाहीत. बटर थंड असलं की भट्टीत ते वितळायच्या आत कडा धरतात, एवढीच गोष्ट. आणि पुण्याच्या कॅम्पातल्या श्रूजबेरीचं नाव काढलंत, की तीच ही जात, बटर-साखर-मैदा, फक्त हिला लाटून कापायची आहे. तेव्हा माझी भीतीच गेली, श्रूजबेरीला कोण घाबरतं.

मग ती बोटाची परीक्षा. गोळ्यात बोट दाबलं की खड्डा राहिला पाहिजे पण बोट चिकट, तुपकट व्हायला नको. माझ्या हाताने चार वेळा दाबून घेतलंत. हे वाचणाऱ्या कोणाला सांगते, वजनकाट्याइतकं हे बोट कामाला येतं.

आणि दुधाची पिशवी! ह्यावर तर मी फिदाच झाले. रिकामी दुधाची पिशवी धुवून, वाळवून, कापून उघडायची, दोन पिशव्यांच्या मध्ये गोळा ठेवून लाटायचा, म्हणजे वरून मैदा भुरभुरावाच लागत नाही आणि बिस्कीट कडक होत नाही. आणि गोळा फ्रिजमध्ये ठेवून मग दगडासारखा झालेला लाटत बसायचं नाही, आधी मऊ असताना लाटायचं, ती पोळीच आडवी फ्रिजमध्ये ठेवायची, तासाभराने काढून कटर मारायचा. नाहीतर मी लाटण्यावर झोपलेच असते अक्षरशः.

ओटीजीचं पण तुम्हीच सांगितलंत, तुमच्याकडे ओटीजी नसताना. म्हणालात भट्टीत आम्ही जमिनीवर चिमूटभर मैदा टाकून बघतो किती वेळात लाल होतो, तू पावाच्या स्लाइस टाक. अख्ख्या जाळीवर स्लाइस मांडल्या, दहा मिनिटांनी काढल्या, तर डाव्या बाजूच्या मागच्या दोन काळ्या आणि पुढच्या पांढऱ्याफटक. चार वर्षं तो ओटीजी वापरतीये, मला हे माहीतच नव्हतं. आता निम्म्या वेळात ट्रे फिरवते. नंतर एक ओव्हनमधला थर्मामीटर पण आणला, तर बटण १८० वर असताना आत २०० च्या वर! बटण १६० च्या जरा खाली ठेवलं की आत १७५ च्या आसपास येतं.

आता एक गोष्ट जी मला तिथे बोलायला लाज वाटली. लहानपणी मे महिन्यात आम्ही घरचं सामान घेऊन तुमच्याकडे बिस्किटं करून घ्यायला यायचो, मैदा, रवा, साखर, तूप आणि ते तेलाचे मोठे पत्र्याचे डबे. आई मला तिथे बसवून जायची. तुम्हाला वाटलं असेल नंबर लावायला बसवलंय. नाही चाचा. "तुपावर लक्ष ठेव, बदलतील" असं सांगून बसवायची. आणि घरी आल्यावर बिस्किटं मोजायची आणि दरवर्षी म्हणायची की कमी आलीत. मी आठ-नऊ वर्षांची असेन, तुमच्या हाताकडे टक लावून बघत बसायचे आणि तुम्हाला वाटायचं की पोरीला बिस्किटांची आवड आहे, म्हणून पहिल्या पत्र्यावरचं गरम बिस्कीट कागदावर ठेवून मला द्यायचात. तेही बहुतेक आमच्याच तुपातलं असणार, पण तरी. आईला परवा हे फोनवर बोलले तर आधी गप्प बसली, मग म्हणाली, "कमी यायचीच पण." तर आईच्या वतीने माफी मागता येणार नाही, माझी मात्र घ्या.

आणि त्या दिवशी अर्ध्या किलोच्या मैद्याचे आणि बटरचे पैसे द्यायला लागले तर तुम्ही म्हणालात, "मास्तरांनी माझ्या तीन पोरांना फुकट गणित शिकवलंय, ठेव ते." मला बाबांनी हे कधीच सांगितलेलं नाही. गाडीत बसल्यावर मी त्यांना फोन केला तर म्हणाले, "हां, थोरला बरा होता, बाकी दोघं भागाकारात मार खायचे."

तर रिझल्ट. मैदा ३७५ ग्रॅम, बटर २२५, साखर मिक्सरमधून फिरवून २००, एक अंडं, एक छोटा चमचा व्हॅनिला, अर्धा चमचा बेकिंग पावडर, मीठ नाही कारण बटर खारटच होतं. कपाने मोजलं नाही, काट्यावर, तुम्ही रागावला होतात ना कपावरून. पाव इंचाला किंचित कमी जाड लाटल्या. दहा मिनिटांत कडांना जरा रंग आला, मध्ये अजून पांढरट आणि मऊ होत्या, माझा हात पुन्हा टायमरकडे चाललेला, पण तुमचं आठवलं की बाहेर काढल्यावर पण ते पत्र्यावर शिजत असतं, आणि काढल्या. पाच मिनिटं हात लावला नाही. चांदणीला पाच टोकं! पाचच्या पाच! दोन खेपांना मिळून ४६ झाल्या, त्यातल्या तीन नवऱ्याने "चेक" केल्या.

आयसिंग लेकीने लावलं, सांताची टोपी टोमॅटोसारखी दिसत होती, पण वर्गात सगळ्या संपल्या, बाईंनी रेसिपी मागितली. लेकीने सांगितलं की कराडच्या चाचांची आहे. बाईंना वाटलं माझे सख्खे चुलते, मी काही दुरुस्त केलं नाही.

पुढच्या रविवारी कराडला येतीये. तुम्ही म्हणाला होतात वरचा तो रंगीत लेप तुमच्या कामाचा नाही, म्हणून तुमच्यासाठी साध्याच आणते, स्टीलच्या डब्यात. फक्त एक अडचण अजून आहे, झाडाचा बुंधा खालून जास्त लाल होतोय, वरून अजून पांढरा असतो तेव्हाच. माझा ट्रे काळा आहे आणि पातळ आहे. तो बदलू का दोन ट्रे एकावर एक ठेवून बघू? नातवाला सांगून कळवा, म्हणजे यायच्या आधी एक खेप करून बघते.

तुमची,
मास्तरांची धाकटी