तक्रार: अपडेटनंतर बदललेले फायरस्ट्रीक क्षेपणास्त्र पूर्ववत करण्याबाबत, अन्यथा पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय / महोदया,

तुमच्या लढाऊ विमानांच्या खेळातला ब्रिटिश नौदलाच्या विमानांचा संच मी गेल्या डिसेंबरात विकत घेतला. एक माझ्या संगणकासाठी आणि एक मुलाच्या, प्रत्येकी १,४९९ रुपयांना. दोन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत. तुमच्या मदतकक्षाच्या पानावर मराठीतून लिहिता येते असे म्हटले आहे, म्हणून मराठीत लिहिते. आधीच्या तीन तक्रारी इंग्रजीत केल्या होत्या. तिन्ही उत्तरे मूळ प्रश्नाच्या आसपासही फिरकली नाहीत. या वेळी सगळे सविस्तर मांडते. पत्र लांबले तरी कृपया शेवटपर्यंत वाचावे.

फायरस्ट्रीक हे शत्रूच्या विमानाच्या मागून मारायचे क्षेपणास्त्र. डिसेंबरात तुम्ही आम्हाला विकले तेव्हा ते तसेच वागत होते. मार्चच्या अपडेटमध्ये तुम्ही ते समोरून, बाजूने, ढगाच्या पलीकडून, कुठूनही लॉक होईल, म्हणजे लक्ष्य पकडून धरेल, असे करून टाकले. विक्रीच्या पानावर ‘इतिहासाबरहुकूम’ हे शब्द मात्र आजही तसेच आहेत. माझी तक्रार ही आहे.

मी नाशिकला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मुलगा अकरावीत आहे. आम्ही दोघे शनिवारी रात्री जेवणे आटोपली की एकच विमान घेऊन खेळायचो: सी व्हिक्सन एफएडब्ल्यू.१. हा संच घेण्याचे कारणच ते विमान होते, कारण त्यात दोघांना काम आहे. पुढे, जरा डाव्या अंगाला बसवलेल्या काचेच्या टोपाखाली वैमानिक. त्याच्या उजवीकडे, खाली, जवळजवळ बंद खोबणीत रडार पाहणारा निरीक्षक. रडारचा पडदा नीट दिसावा म्हणून ती जागा अंधारी ठेवलेली. ब्रिटिश नौदलातले लोक तिला ‘कोल होल’, म्हणजे कोळशाची कोठडी म्हणत. १९५९ साली सेवेत आलेल्या या विमानावर तोफाच नव्हत्या. आकाशातल्या लढाईसाठी भिस्त होती ती पंखांखालच्या चार फायरस्ट्रीकवर. ते चुकले तर हाताशी फारसे काही उरत नाही. तुमच्या खेळात मी त्या कोठडीत बसायची आणि मुलगा विमान चालवायचा.

हे क्षेपणास्त्र कसे वापरावे लागायचे ते थोडे सांगते, कारण मला आलेल्या उत्तरांवरून ते तुमच्या मदतकक्षाला माहीत असावे असे दिसत नाही. फायरस्ट्रीकच्या नाकात लेड टेल्युराइडचा संवेदक आहे. तो उणे १८० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागे, नाहीतर स्वतःच्याच उष्णतेच्या गोंगाटात त्याला दूरची उष्णता ओळखता येत नाही. हा डोळा आधी विमानाच्या रडारला बांधलेला असतो. रडार जिकडे पाहील तिकडे तो पाहतो. त्याला उष्णता सापडली की लॉक होतो, मग क्षेपणास्त्र सोडायचे, आणि त्यानंतर ते आपले आपण जाते. म्हणजे निरीक्षकाने रडारवर लक्ष्य धरल्याशिवाय वैमानिकाच्या हाती काही लागत नाही.

आता मागूनच का, तर हा कुणाच्या पसंतीचा प्रश्न नाही. बारावीच्या वर्गात मी वीनचा नियम शिकवते: वस्तूचे केल्व्हिनमधले तापमान घ्या, २,८९८ ला त्याने भागा, की ती वस्तू सर्वांत जास्त कोणत्या तरंगलांबीवर उत्सर्जन करते ते मायक्रोमीटरमध्ये मिळते. जेट इंजिनाच्या शेपटाचा तप्त धातू ९०० केल्व्हिनच्या आसपास धरला तर उत्तर ३.२ येते. उंचावरच्या थंड हवेत साध्या वेगाने उडणाऱ्या विमानाचे अंग २५० केल्व्हिन धरले तर ११.६ येते. फायरस्ट्रीकच्या संवेदकाला दिसते ते साधारण ३ ते ५ मायक्रोमीटरच्या पट्ट्यातले. विमानाचा तापलेला पार्श्वभाग त्याला दिसतो, तोंड दिसत नाही. म्हणूनच खऱ्या फायरस्ट्रीकला लक्ष्याच्या शेपटीपासून दोन्ही बाजूंना १५ अंशांची जागा होती. ढगातल्या पाण्याच्या थेंबांतून हे अवरक्त किरण नीट पार होत नाहीत, त्यामुळे ढगाआडचे लक्ष्यही त्याला पकडता येत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी तुमच्या खेळात हे सगळे बरोबर होते, आणि ज्याने कुणी ते बनवले होते त्याचे मला मनापासून कौतुक वाटत होते.

आम्हाला पहिले टीयू-१६ हे सोव्हिएत बॉम्बर विमान पाडायला पाच शनिवार लागले. समोरून येणारे ते विमान थेट गाठायला गेलो की ते भर्रकन बाजूने निघून जायचे आणि वळून मागे लागेपर्यंत दहा-बारा किलोमीटर पुढे गेलेले असायचे. त्याचा वेग ताशी ८५० किलोमीटर, आमचा त्या उंचीवर कसाबसा ९५०. पाच किलोमीटरचे अंतर तोडायला तीन मिनिटे लागतात, दहाचे तोडायला सहा. मुलाने मग एक वही केली. कोनमापक आणि कंपास घेऊन त्याने वळणाच्या त्रिज्या काढल्या. लक्ष्य किती अंतरावर असताना वळायला सुरुवात केली तर वळण संपताना आपण बरोबर त्याच्या मागे तीन-चार किलोमीटरवर येतो, याचे तक्ते केले. मी खालून सांगायची, “डावीकडे वीस. अजून. आता सरळ.” तो विचारायचा, “आई, किती राहिले?” “साडेचार. वर चढू नकोस, तो खाली आहे.” मग हेडफोनात तो घुरघुरणारा आवाज उमटायचा, म्हणजे डोळ्याने शेपूट पकडले. त्या पाचव्या शनिवारी, रात्री पावणेबारा वाजता, तो आवाज तुटला नाही. आम्ही एवढे ओरडलो की शेजारच्या वहिनींनी दार वाजवले.

मार्चच्या अपडेटनंतर यातले काहीच करावे लागत नाही. लक्ष्य समोरून येत असते, रडार बंद असते, मध्ये ढगांची भिंत असते, आणि तरी आवाज येतो, लॉक होतो, कळ दाबली की क्षेपणास्त्र जाते आणि लागते. मी १४ वेळा तपासले: ६ वेळा समोरून, ४ वेळा काटकोनातून, ४ वेळा ढगातून, आणि प्रत्येक वेळी रडार मुद्दाम बंद ठेवून. चौदाच्या चौदा वेळा लॉक झाले. चित्रफिती पत्रासोबत आहेत.

क्षेपणास्त्राचे रूपही बदलले आहे. फायरस्ट्रीकचे नाक पेन्सिलीसारखे निमुळते, आठ पैलू पाडलेल्या काचेचे आहे. त्याच्या मागे त्रिकोणी खिडक्यांच्या दोन रांगा आहेत. क्षेपणास्त्र लक्ष्याजवळून जाताना त्या खिडक्यांआडच्या संवेदकांना ते दिसते आणि २२.७ किलोचा स्फोटक भाग फुटतो. तुमच्या नव्या प्रतिकृतीत नाक गोल आहे आणि खिडक्या गायब आहेत. ते गोल नाक ‘रेड टॉप’चे, म्हणजे फायरस्ट्रीकनंतर आलेल्या क्षेपणास्त्राचे. माहितीपत्रकात वजन मात्र १३६ किलो हे फायरस्ट्रीकचेच ठेवले आहे. रेड टॉप १५४ किलोचे होते. यावरून कुणीतरी एका फाइलवर दुसरी चिकटवली असावी असा माझा अंदाज आहे. ती पैलूदार काच आर्सेनिक ट्रायसल्फाइडची असे, कारण साध्या काचेतून हे अवरक्त किरण पार जात नाहीत. आर्सेनिक ट्रायसल्फाइड म्हणजे आपला हरताळ. पोथीतले चुकलेले अक्षर झाकायला लेखनिक तोच फासायचे. तुम्ही बरोबर लिहिलेल्या अक्षरावर हरताळ फासला आहे.

तुम्हाला समोरून मारणारे ब्रिटिश क्षेपणास्त्र खेळात हवे असेल तर त्यालाही योग्य जागा आहे. रेड टॉपचा डोळा अधिक संवेदनशील होता, आणि ध्वनीहून वेगाने येणाऱ्या, हवेच्या घर्षणाने अंग तापलेल्या लक्ष्यावर ते पुढूनही सोडता येई. सी व्हिक्सनच्या पुढच्या आवृत्तीवर, एफएडब्ल्यू.२ वर, ते होते. ते विमान द्या, त्यावर रेड टॉप द्या. मी तेही विकत घेईन. पण ध्वनीहून हळू उडणाऱ्या टीयू-१६ वर तेही समोरून असे हमखास लागणार नाही, एवढे लक्षात असू द्या.

पहिल्या तक्रारीला उत्तर आले की ग्राफिक्स कार्डाचे ड्रायव्हर अद्ययावत करा. केले. दुसऱ्याला, खेळ पूर्ण काढून पुन्हा बसवा. ९० जीबीचा खेळ आमच्या जोडणीवर उतरायला दीड दिवस लागला, तोही उतरवला. तिसऱ्या उत्तरात पहिल्यांदा खरे कारण कळले: ‘बहुसंख्य खेळाडूंना क्षेपणास्त्र वापरणे अवघड जात होते, म्हणून ते सुलभ केले आहे.’ त्याच दिवशी तक्रार ‘निराकरण झाले’ अशी नोंद करून बंद करण्यात आली. माझे निराकरण झालेले नाही. ज्यांना अवघड जाते त्यांच्यासाठी सोपा पर्याय ठेवा, त्याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. नवा खेळाडू पहिल्याच दिवशी पाच शनिवार थांबणार नाही हे मला समजते. पण जे अवघड म्हणूनच आम्ही पैसे मोजून घेतले, ते न विचारता काढून घेण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. तिथे मिग-२१ बनत. त्या मिगवरचे के-१३ हेही उष्णतेच्या मागावर जाणारे, आणि तेही मागूनच मारायचे. उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्रांची ती पहिली पिढी सगळीकडे अशीच होती, ब्रिटनमध्ये, रशियात, अमेरिकेत. आपल्या आजोबांच्या काळातले वैमानिक शत्रूच्या मागे जाण्यासाठी एवढी धडपड का करत, हे माझ्या मुलाला कुठल्या पुस्तकाने सांगितले नव्हते. तुमच्या खेळाने सांगितले होते. आज तोच खेळ त्याला खोटे सांगतो आहे, आणि ते खरे मानणारी हजारो मुले असतील ज्यांनी डिसेंबरातला खेळ पाहिलेलाच नाही.

मुलगा अजून खेळतो, पण मला बोलावत नाही. बोलावण्याचे कारण उरलेले नाही. पुढच्या आसनावरून एकट्याला सगळे जमते, खालच्या कोठडीत बसणाऱ्याला काम नाही. गेल्या शनिवारी मी बसले तेव्हा वीस मिनिटांत त्याने सहा विमाने पाडली. मी एकही आकडा सांगितला नाही. मग त्यानेच खेळ बंद केला आणि म्हणाला, “आई, झोप तू.” हे नुकसान पावतीवर दाखवता येत नाही, पण या तक्रारीच्या मुळाशी तेच आहे, म्हणून लिहिले.

माझी मागणी अशी. फायरस्ट्रीकचे फेब्रुवारीपर्यंतचे वर्तन, म्हणजे मागचा १५ अंशांचा मर्यादित कोन, रडारवरचे अवलंबन आणि ढगांचा अडथळा, निदान एक निवडीचा पर्याय म्हणून परत द्यावे. पैलूदार नाक आणि खिडक्या पूर्ववत कराव्यात. हे होईपर्यंत विक्रीच्या पानावरचे ‘इतिहासाबरहुकूम’ हे शब्द काढावेत, कारण ते वाचून आजही लोक पैसे भरत आहेत. आणि यातले काहीही करायचे नसेल तर दोन्ही संचांचे मिळून २,९९८ रुपये परत करावेत. खरेदीचे पैसे परत करण्याची तुमची मुदत उलटून गेली आहे हे मला ठाऊक आहे, पण मुदतीत मला परत करावेसे वाटेल असे काही घडलेच नव्हते. वस्तू तुम्ही नंतर बदललीत.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या आणि अनुचित व्यापारी प्रथेच्या तरतुदींखाली मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. रक्कम लहान आहे म्हणून मी सोडून देईन असे कृपया धरून चालू नये.

तुमच्या तंत्रज्ञांना माझ्या १४ चाचण्यांचे आकडे, किंवा मुलाच्या वहीतले वळणाचे तक्ते हवे असतील तर पाठवते. दुरुस्त केलेली आवृत्ती लोकांना देण्याआधी कुणाकडून तपासून घ्यायची असेल, तर शनिवारी रात्री साडेनऊनंतर आम्ही दोघे मोकळे असतो.

आपली,
एक ग्राहक, नाशिक