पेना राजवाड्याची हुकलेली प्रवेशवेळ : तिकिटाच्या परताव्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आपल्या पोर्तुगाल सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत लिस्बनजवळच्या सिंत्रा गावचा पेना राजवाडा 'आतून दाखवला जाईल' असे स्पष्ट छापले होते. आमच्या गटाला तो फक्त बाहेरून पाहता आला. "गर्दीमुळे उशीर झाला" हे आपल्या कार्यालयाचे उत्तर आम्हाला मान्य नाही.

आपण काढलेली तिकिटे 10:30 ची होती. ही वेळ राजवाड्याच्या दाराची असते, राजवाड्याभोवतीच्या उद्यानाच्या फाटकाची नव्हे. फाटकापासून दारापर्यंत चढाची वाट आहे, पायी सुमारे अर्धा तास लागतो. उशिरा येणाऱ्यांना आत सोडत नाहीत, हा तिथला जाहीर नियम आहे. आम्ही फाटकावर पोहोचलो 10:25 ला. आपले सहल व्यवस्थापक तेव्हा "आपण वेळेत आहोत, निवांत फोटो काढा" असे सांगत होते! फाटकापासून वर छोटी बस जाते, तिचे भाडे वेगळे. गटात गुडघेदुखीचे ज्येष्ठ असूनही तिचे नाव कोणी काढले नाही.

मुळात लिस्बनहून 9 वाजता निघणेच चूक होते. रोसिओ स्थानकातून सिंत्राला रेल्वेने साधारण 40 मिनिटे लागतात. पुढे 434 क्रमांकाच्या बससाठी रांग आणि अरुंद, वळणावळणाचा घाटरस्ता. एवढे धरून 10:30 ला दारात पोहोचणे अशक्यच. एक तर 8 च्या आत निघायला हवे होते, नाही तर दुपारची तिकिटे काढायला हवी होती.

आत न जाता आल्याने काय हुकले, तेही सांगतो. 1755 च्या भूकंपात मोडकळीस आलेल्या मठाच्या जागी राजा फर्नांदो दुसरा याने हा राजवाडा उभारला. लाल रंगाचा भाग जुन्या मठाचा, पिवळा नव्या बांधकामाचा, एवढे बाहेरून कळते. पण मठाचा रंगीत फरशांनी मढवलेला दुमजली चौक, चॅपेलमधली अलाबास्टर दगडाची कोरीव वेदी, तांब्याच्या भांड्यांचे स्वयंपाकघर आणि राजघराण्याची सजवलेली दालने, हे सगळे आतच आहे. त्यासाठीच तर आम्ही ही सहल निवडली होती.

आमच्या मागण्या अशा : राजवाड्याच्या तिकिटाची पूर्ण रक्कम प्रत्येक प्रवाशाला 15 दिवसांत परत करावी. यापुढील कार्यक्रमपत्रिकेत दाराची वेळ आणि फाटकावर पोहोचण्याची वेळ वेगवेगळी छापावी, दोन्हींत किमान 45 मिनिटांचे अंतर ठेवावे. समुद्राकडून येणाऱ्या दमट वाऱ्याने त्या डोंगरावर उन्हाळ्यातही धुके आणि गारठा असतो. जाकीट सोबत घ्यायची सूचनाही त्यातच द्यावी.

मुदतीत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. तिकिटांच्या आणि कार्यक्रमपत्रिकेच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

कळावे,
आपल्या पोर्तुगाल सहलीतील प्रवासी